शिंक्यातला भोपळा

श्रीरामपूर
१८ जून १९७२

पत्राच्या माथ्यावर बायकोने नवऱ्याला काय लिहायचं असतं ते मला ठाऊक आहे. शाळेत मुलींना पत्रलेखन मीच शिकवते. पण साष्टांग नमस्कार घालायला समोर पाय लागतात, आणि तुमचे पाय दीड वर्षात या घराला लागलेले नाहीत. तेव्हा नमस्कार राहू द्या.

तुमचं पाकीट मिळालं. चांगलं जाडजूड होतं. वाटलं, काही खुलासा असेल. निघालं काय, तर ‘घरोघरी परसबाग’ नावाचं छापील पत्रक! सोबत तुमच्या चार ओळी : पाऊस लांबला आहे, भाज्या कडाडतील, परसात भाजीपाला लावावा, आईचाही वेळ जाईल. वा! बायकोला टाकून दुसरीकडे चूल मांडलेला मनुष्य पत्र धाडतो, आणि त्यात वांग्याच्या दोन रोपांत किती अंतर ठेवावं ते कळवतो.

शेतकी खात्याचे विस्तार अधिकारी म्हणून तुम्ही तालुकाभर भाषणं ठोकलीत. इथे बारा वर्षं राहिलात, पण तुमच्या हातून परसात पुदिन्याची एक काडी खोचली गेली नाही. तिथे काय पिकलं आहे ते सांगू का? तुमच्या मोडक्या सायकलचा सांगाडा, फुटकी कौलं, विटांचे तुकडे आणि दगड. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण असं म्हणतात. आमच्याकडे पाषाण तरी खरोखरीचे आहेत.

पत्र तुमच्या मातोश्रींना वाचून दाखवलं. त्यांना अक्षरओळख नाही हे तुमचं नशीब. त्यांच्या लेखी तुमची भंडारदऱ्याकडे बदली झाली आहे, तिथे राहायला क्वार्टर मिळत नाही आणि साहेब रजा देत नाही. क्वार्टर मिळालं आहे आणि त्यात तुमच्यासोबत कोण नांदते आहे, हे मला संक्रांतीलाच कळलं. तुमच्याच खात्यातला एक सज्जन तिळगूळ घ्यायला आला होता, तोंड गोड करून सांगून गेला. मातोश्रींजवळ मी बोलले नाही. तुमच्यावर उपकार म्हणून नव्हे. त्यांची ठाम समजूत आहे की माझ्या जिभेपायी त्यांचा लेक लांब राहतो. खरं कळलं तर रडारड, छाती बडवणं, गल्ली गोळा होणं, हे सगळं माझ्या अंगावर येईल, आणि मला वह्या तपासायच्या असतात.

तुमच्या पत्रात त्यांच्यासाठी काही नव्हतं. म्हणून वाचता वाचता दोन ओळी मी माझ्या पदरच्या घातल्या : ‘आई, तुझे गुडघे कसे आहेत? रात्री तेल चोळत जा.’ त्यांनी डोळ्याला पदर लावला. तुमच्या खाती फुकटचं पुण्य जमा झालं.

पत्रक ऐकून मात्र त्या उठल्या आणि माझ्याकडे कुदळ मागितली. म्हणजे आता माझ्याच डोक्याला ताप.

विजयमाला


श्रीरामपूर
६ ऑगस्ट १९७२

पत्रक पाठवणाऱ्याला कळवावं म्हणून कळवते, परसबाग लागली. तुमच्या पत्रकाप्रमाणे नव्हे, पण लागली.

दगड उपसण्यात आमचे दोघींचे हात सोलवटले. सायकलचा सांगाडा भंगारवाल्याला दिला. त्याने तो दोनदा उलटापालटा करून पाहिला आणि नुसता हसला. मग मी शिवणाची टेप घेऊन पत्रकाबरहुकूम उत्तर-दक्षिण वाफे आखले. मातोश्री कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, “मास्तरीनबाई, मेथी पेरायची हाय का मेथीला शाळंत बसवायचीय?” मी वाफे सोडले नाहीत, त्यांनी त्यांची गोल आळी सोडली नाहीत. त्यामुळे अर्धं परस कवायतीच्या मैदानासारखं दिसतं आणि अर्ध्यात गाढव लोळून गेल्यासारखं वाटतं. आमचं सख्य पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं, ते तुम्हाला नव्याने सांगायला नको.

पाऊस नाही. नळ एक दिवसाआड येतो, त्याची धार करंगळीएवढी. म्हणून मातोश्रींनी मोरीचा पाट फोडून सांडपाणी परसात वळवलं. रविवारी मी सोडा घालून कपडे भिजवले, ते सगळं पाणी मेथीत गेलं आणि मेथीने पिवळी पडून मान टाकली. त्या म्हणाल्या, माझ्या हाताला गुण नाही. मी म्हणाले, पाट कुणी फोडला? दोन्ही बाजूंनी तोंडं वळली. आता धुण्याच्या दिवशी तिथे वीट आडवी लावायची आणि पाणी गटारात सोडायचं, असा तह झाला आहे.

भिंतीपलीकडच्या हाजराबी तुम्हाला आठवत असतील, चांदभाई शिंप्याच्या आई. त्यांनी आमचं भांडण ऐकलं आणि भिंतीच्या बुडाशी एक वीट काढून भोक पाडलं. त्या पलीकडे बसून नमाजाआधी हातपाय धुतात आणि ते पाणी अलीकडे आमच्या दोडक्याला मिळतं. “वजूचं पानी पाक आसतंय बनुमावशी, नालीत कशाला घालवायचं?” असं त्या मातोश्रींना म्हणाल्या. दिवसातून पाच वेळा पाणी मिळाल्यामुळे दोडका माजला आहे. भिंतीच्या ज्या अंगाला लोंबेल त्या घरचा, असं ठरलं आहे. ही पद्धत तुमच्या पत्रकात नाही. उतरून घ्या आणि पुढच्या भाषणात स्वतःची म्हणून सांगा.

पण खरी तऱ्हा पुढेच आहे. मातोश्रींनी मिरजगावहून, त्यांच्या माहेराहून, चिंधीत बांधून आणलेलं तांबड्या भोपळ्याचं बी कोपऱ्यात लावलं आहे. त्याच्या आळ्याशी एक शहाबादी फरशी टाकली, जुन्या लुगड्याचा आडोसा केला, आणि आता त्यांची अंघोळ रोज तिथेच. म्हातारी साबण लावत नाही, वेलाला बाधेल म्हणून. दोन तांबे स्वतःच्या अंगावर घ्यायचे आणि वेलाशी बोलायचं. काय बोलतात ते मी ऐकलं नाही. एक-दोनदा तुमचं नाव मात्र कानावर आलं.

तुमच्या या खेपेच्या पत्रातही आईसाठी एक अक्षर नव्हतं. मी वाचलं, ‘आई, उन्हात फार वेळ बसू नकोस.’ त्या तेव्हाच्या तेव्हा उठून सावलीला बसल्या. मी महिनाभर हेच सांगत होते, तेव्हा माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तुमच्या शब्दाला केवढा मान! नसलेल्या शब्दालासुद्धा.

विजयमाला


श्रीरामपूर
१५ ऑक्टोबर १९७२

शेतकीचं ज्ञान आता मलाही थोडं आलं आहे, ते ऐका.

भोपळ्याच्या वेलाला सुरुवातीला नुसती नरफुलं येतात. सकाळी ऐटीत उघडतात, पिवळीधमक, भुंगे गोळा करतात आणि ऊन चढलं की माना टाकतात. मागे फळाचा पत्ता नाही. मी आपली खुळी, फुलं मोजून खूश होत होते. मातोश्री म्हणाल्या, “त्ये नर हायेत. दिसाया लई झोकदार, पर फळ धरत न्हाईत.” मला कुणाची आठवण झाली ते लिहीत नाही. त्यांनी ती फुलं खुडून डाळीच्या पिठात बुडवून भजी तळली. मी पोटभर खाल्ली.

मग फळं धरली. आता आमच्या परसात कायदा आहे की कोवळ्या फळाकडे बोट दाखवायचं नाही. दाखवलं की फळ सडतं. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून, पेराने दाखवायचं. शाळेत शास्त्र शिकवणारी मी हसले, वाद घातला, आणि परवा वर्गात फळ्यावरच्या नकाशाकडे मुडपलेलं बोट करून उभी होते. पोरी खिदळल्या तेव्हा कळलं. या घरात राहून माणसाचं असं होतं.

पहिलं फळ परवा उतरवलं. पाण्याच्या कळशीएवढा भोपळा आहे, तांबूस-करडा, खोल रेघांचा. सगळं गाव कोरड्या विहिरींकडे बघत असताना आमच्याकडे हे. मी विळी घेऊन बसले तर मातोश्रींनी माझा हात धरला. म्हणाल्या, “बाईनं पयला वार करायचा नस्तो. आमच्याकडं भोपळा म्हंजी घरचा थोरला ल्योक मानत्यात. पुरुषानं सुरी लावायची, मग बाईनं फोडी करायच्या.”

हाजराबी म्हणाल्या, “आमच्या चांदला धाडते, एक वार टाकून जाईल.” त्यात काही अवघड नव्हतं. गल्लीत नवरा गावाला गेला की बायका शेजारच्या बाप्याकडून भोपळा फोडून घेतातच. पण मातोश्री म्हणाल्या, “मागनं येतील त्ये फोडू दे की चांदला. ह्यो पयला हाय. ह्यो माझा राधू फोडील. दिवाळीला यायचाय त्यो.”

भोपळा माजघरात शिंक्यात ठेवला आहे. रोज सकाळी त्याला तेलाचा हात फिरवतात.

तुम्ही ‘जमल्यास दिवाळीला बघतो’ असं लिहिलं होतं. मी ‘नक्की येतो’ असं वाचलं. तेवढं माझं खोटं खरं करा. तुमच्यासाठी मी बरंच खोटं बोलले आहे, तुम्ही माझ्यासाठी एक खरं करून दाखवा. चार तास या, भोपळ्यावर एक वार टाका आणि जा. माझ्याशी बोलायचीही गरज नाही.

विजयमाला


श्रीरामपूर
१२ नोव्हेंबर १९७२

दुष्काळ तुमच्या फार कामाला आला. लोकांची पिकं गेली, गुरं छावणीत गेली, तुम्हाला मात्र सबब मिळाली. ‘दुष्काळी कामामुळे दौऱ्यावर, दिवाळीस येणे अशक्य.’ पोस्टकार्ड भाऊबीज झाल्यावर पोचलं. वरातीमागून घोडं.

दिवाळीच्या पहाटे त्यांनी तुमच्यासाठी वेगळं उटणं काढून ठेवलं होतं. चारही दिवस संगमनेरची गाडी यायच्या वेळेला त्या ओट्यावर बसायच्या. मी म्हटलं, आत या, ऊन लागतंय. तर म्हणाल्या, “वांग्याकडं बघत बसलेय.” वांगी परसात आहेत, ओट्यावरून दिसत नाहीत.

पोस्टकार्डावर मला काही भर घालता येईना. जागाच नव्हती. तरी मी वाचलं, ‘आई, भोपळा ठेव, मी येऊन फोडतो.’ हे वाचल्यावर मला स्वतःचीच किळस आली. पण त्यांनी उठून भोपळ्यावरून हात फिरवला, आणि मग जेवल्या. त्या दिवशी सकाळपासून जेवल्या नव्हत्या.

वेलाचे पुढचे दोन भोपळे चांदभाईने फोडले. भाजी झाली, वाटली. पहिला आहे तिथेच आहे.


श्रीरामपूर
४ फेब्रुवारी १९७३

हे शेवटचं बजावणं समजा.

आई तापाने पंधरवडाभर अंथरुणाला खिळल्या होत्या. “राधूला कळीव,” म्हणाल्या. मी कळवलं. तुमचं उत्तर आलं, की वांग्यांवर मावा पडला असेल तर तंबाखूचं पाणी फवारावं. वांग्यांवर मावा पडल्याचं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, खरं आहे. त्याच पत्रात आईच्या तापाचंही लिहिलं होतं. तुम्हाला मावा दिसला. तुम्हाला माणसाचं काही वाटत नाही हे मला माहीत होतं, पण निदान लाज वाटत असेल असा माझा अंदाज होता. तो चुकला.

त्या दिवसांत परसाला पाणी मी घालत होते. अंघोळीची फरशी तिथेच आहे. मी साबण लावत नाही.

आता माझ्याच्याने हे होत नाही. तुमच्या नावाने मायेच्या ओळी रचायच्या आणि त्या ऐकून एक म्हातारी बाई उजळताना बघायची, याचा मला वीट आला आहे. तुमचं पुढचं पत्र मी जसंच्या तसं वाचणार. तुम्ही या, आईंच्या समोर बसा, काय केलंय ते स्वतःच्या तोंडाने सांगा. त्या तुम्हाला दोन शिव्या देतील आणि मग जवळ घेतील. आया घेतात. भोपळा फोडा आणि जा. त्यापुढे तुमचं तुम्ही बघा, आमचं आम्ही बघू.

विजयमाला


श्रीरामपूर
२३ एप्रिल १९७३

काल रविवारी तुम्ही येऊन गेलात. आज मी शाळेला न जाता हे लिहिते आहे, कारण तुम्ही गेल्यावर जे झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. आणि तुम्ही असताना जे झालं तेही तुमच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही.

तुम्ही आलात ते थेट परसात. आईंच्या पाया पडलात, छान केलंत. मग तुम्ही हात लांब करून बोट रोखलंत. “ही काकडी दाट झालीय, हे वांगं उपटा, इथे अंतर कमी पडलंय.” एकेका कोवळ्या काकडीवर बोट! मी आईंकडे पाहिलं. त्यांनी तुम्हाला अडवलं नाही. एरवी हाजराबींच्या नातवंडांनी बोट दाखवलं तर त्या हातावर फटका देतात.

जेवलात. कोशिंबीर मागून घेतलीत. मी वाट बघत होते, आता सांगाल, मग सांगाल. तुम्ही साखरेच्या भावावर बोललात.

मग आईंनी शिंक्यातून भोपळा उतरवला. मला हात लावू दिला नाही. पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, शेजारी कोयता ठेवला. म्हणाल्या, “सा-सात म्हयनं झालं, तुझी वाट बघतोय बिचारा. टाक बाबा पयला वार.” आणि तुम्ही हसून काय म्हणालात?

“अगं, आख्खाच राहू दे ना. गाडीत न्यायला सोपा पडेल. तिकडे घरात घारगे फार आवडतात.”

“घरात?” आई म्हणाल्या. “घरात कोनाला रं?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या दोघांच्या मध्ये अशी रिकामी जागा पडली की मी तिथे एक ओळ भरते, याची तुम्हाला सवय झाली होती. तुम्ही त्या ओळीची वाट पाहत होता. मी ताटं उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली.

मी परत आले तेव्हा आई भोपळ्याच्या देठाशी अंगठ्याने दाबून बघत होत्या. “देठाशी नरम लागतोय,” म्हणाल्या. “आतनं सडला आसंल. नगं नेऊस. गाडीत वास सुटंल.” तुम्ही लगेच हात मागे घेतलात. तुमच्या पँटीला डाग पडेल अशी भीती वाटली असावी. शेतकीचे एवढे मोठे अधिकारी, पण एक बोट लावून पाहिलं नाहीत. मग त्यांनी तुमच्या पिशवीत वांगी भरली, दोडके भरले, वर पुदिना ठेवला. तुम्ही चारच्या गाडीने गेलात. सांगायचं होतं ते न सांगता गेलात. सांगायची गरज उरली नव्हती हे तुम्हाला कळलंही नाही.

तुमची गाडी सुटायची वेळ होईपर्यंत आई पाटासमोर बसून होत्या. मग म्हणाल्या, “मास्तरीन, कोयता दे.”

मी म्हटलं, “आई, चांदभाईंना हाक मारते. तुम्हीच म्हणाला होतात ना, थोरला लेक मानतात.”

“म्हनून तर,” आई म्हणाल्या. “माझा मीच कापते.”

साल फार जून झाली होती. पहिला वार निसटला. दुसऱ्याला कोयता रुतला, तेव्हा मी दोन्ही हातांनी भोपळा धरला आणि त्यांनी वरून पाट्याचा वरवंटा मारला. दोन भकलं झाली. आत सडण्याचं नावही नव्हतं. केशरी, घट्ट, आणि बियांनी भरलेला. ज्या रडारडीला मी सव्वा वर्ष भीत होते ती झाली नाही. आईंचे डोळे कोरडे होते. रडले मी, आणि कशासाठी ते तुम्हाला कळवायचं मला कारण नाही.

रात्री घारगे केले. मी किसलं, त्यांनी गूळ घालून पीठ मळलं. हाजराबींकडे ताट गेलं. त्यांनी विचारलं, “कोनी फोडला?” आई म्हणाल्या, “मी.” हाजराबींनी तिथेच ओट्यावर बसून एक घारगा खाल्ला.

निजताना मी आईंना विचारलं, “तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?” त्या म्हणाल्या, “त्याचं आज कळलं. तुझं पयल्याच पत्राला कळलं हुतं. गुडघं कसं हायेत म्हनून त्यानं जन्मात कधी इचारलं न्हाई.” मग म्हणाल्या, “पर ऐकाया बरं वाटायचं, म्हनून गप ऱ्हायले.”

दोन काकड्या आज सकाळी देठाशी काळ्या पडल्या होत्या. मी शास्त्र शिकवते, तेव्हा योगायोग म्हणते. आईंनी बिया राखेत घोळवून चिंधीत बांधल्या आहेत. येत्या पावसाला, पाऊस आला तर, त्या दोन आळी करणार आहेत. एक आमच्याकडे, एक हाजराबींच्या अंगणात.

यापुढे तुम्ही जे लिहाल तेवढंच मी वाचून दाखवीन. लिहिण्यासारखं नसेल तर लिहू नका. पत्रकं मात्र पाठवायची नाहीत, परसबाग आम्हाला येते.

आज आईंनी तुम्हाला पहिल्यांदाच निरोप सांगितला आहे. मला दोनदा बजावलं, की त्यात तुझ्या पदरचं काही घालू नगंस. म्हणून शब्द त्यांचेच लिहिते :

“त्याला लिही, भोपळा सडला नव्हता. लई ग्वाड निघाला.”